फुकट्या कोण, हे ठरवतं कोण?



स्मृतिव्याख्यानासाठी एखादा भारदस्त विषय निवडावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मात्र आज हिणवण्याच्या शब्दांवर बोलणार आहे, आणि तेही अमेरिकेतल्या. काम न करता भटकणारा, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, उधारी बुडवणारा, अंगचोर अशा माणसांसाठी अमेरिकी इंग्रजीने गेल्या दोनशे वर्षांत शब्दांचं एक कोठारच भरून ठेवलं आहे. रिकामटेकडा तो लोफर, रस्त्यावर हात पसरणारा तो पॅनहँडलर, गोड बोलून जेवण-सिगारेट उकळणारा तो मूचर, न बोलावता पंगतीला बसणारा तो फ्रीलोडर, घेतलेले पैसे परत न करणारा तो डेडबीट, पलटणीत काम चुकवणारा तो गोल्डब्रिक. ‘खायला काळ नि भुईला भार’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाला यातली भावना अनोळखी नाही. पण मला या शब्दांचा रंगेलपणा दाखवायचा नाही, त्यांचा कारभार दाखवायचा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : हे शब्द बरोबरीच्या माणसाने, जवळून, ओळखीच्या माणसाला उद्देशून वापरले तर ते बहुधा न्याय करतात. तेच शब्द दुरून, अधिकाराच्या खुर्चीवरून वापरले गेले की ते आळशी माणूस शोधत नाहीत, गरीब माणूस शोधतात. अमेरिकेचा इतिहास या म्हणण्याला पुरावा देतो, आणि तो पुरावा बराचसा कायद्याच्या पुस्तकांतच छापलेला आहे.

सुरुवात लोफरपासून करू, कारण तो शब्द आपण मराठीतही सहज वापरतो. १८३०च्या दशकात तो अमेरिकेत रुळला. रिचर्ड हेन्री डेना हा हार्वर्डचा विद्यार्थी साधा खलाशी म्हणून जहाजावर चढला आणि १८३५-३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गुरांची कातडी गोळा करण्याच्या कामात होता. १८४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ या त्याच्या पुस्तकात हा नवा अमेरिकी शब्द येतो, आणि लेखक सांगतो की तो स्पॅनिश वंशाच्या अमेरिकनांना जितका शोभतो तितका कुणालाच शोभत नाही. शब्द अजून कोवळा होता, तेवढ्यात त्याला एक अख्खा समाज चिकटवून झाला. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. १८४६ ते १८४८च्या युद्धानंतर तो अमेरिकेकडे आला आणि शेरेबाजीचं रूपांतर कलमांत झालं. १८५० साली तिथल्या विधिमंडळाने मूळ रहिवाशांविषयी एक कायदा केला. त्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता. रिकामा हिंडताना आढळलेल्या मूळ रहिवाशाला भटक्या ठरवून, जास्त बोली लावणाऱ्याकडे चार महिन्यांपर्यंत राबायला देण्याची सोय त्यात होती. १८५५ साली भटकेपणाविरुद्धचा दुसरा कायदा झाला. त्यात मेक्सिकन वंशाच्या लोकांसाठी वापरली जाणारी ‘ग्रीझर’ ही शिवी खुद्द मजकुरात घातलेली होती. ज्यांची जमीन गेली तेच रिकामटेकडे ठरले, आणि रिकामटेकडे म्हणून त्यांचे हात फुकटात किंवा फुकटाच्या भावात मिळाले.

दक्षिणेत हाच हिशेब आणखी उघडपणे मांडला गेला. गुलामगिरी संपते न संपते तोच, नोव्हेंबर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने भटकेपणाचा कायदा केला. त्यानुसार अठरा वर्षांवरच्या ज्या मुक्त कृष्णवर्णीयाकडे जानेवारी १८६६च्या दुसऱ्या सोमवारी कायदेशीर नोकरी नसेल, तो भटक्या. दंड पन्नास डॉलरपर्यंत. पाच दिवसांत तो भरला नाही, तर जो मालक दंड भरून कमीत कमी मुदतीसाठी त्याला राबवून घ्यायला तयार असेल त्याच्या हवाली त्याला करायचं, आणि त्यात आधीच्या मालकाला प्राधान्य द्यायचं. व्हर्जिनियानेही असाच कायदा केला. तिथले लष्करी अधिकारी जनरल आल्फ्रेड टेरी यांनी २४ जानेवारी १८६६ रोजी हुकूम काढून त्याची अंमलबजावणी रोखली, कारण ही गुलामगिरीच नव्या वेषात परत येते आहे हे त्यांना दिसत होतं. पिढ्यान्‌पिढ्या कापूस ज्यांनी वेचला त्यांना आळशी म्हणणारे कोण होते? ज्यांनी आयुष्यात कापसाचं बोंड हातात धरलं नव्हतं ते. मला यात विनोद दिसत नाही, रीत दिसते. इंग्लंडमध्येही महामारीने मजूर कमी पडले आणि मजुरी चढू लागली, तेव्हा १३४९च्या राजाज्ञेने धडधाकट भिकाऱ्याला भीक घालण्यावर बंदी आणली होती. आळसाविरुद्धचा धर्मयुद्धाचा सूर बहुतेक वेळा स्वस्त मजुरांची गरज पडली की लागतो.

उलट बाजूही पाहू, म्हणजे मजुरांची गरजच उरत नाही तेव्हा काय होतं ते. १८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुक आणि कंपनी ही मोठी बँक बुडाली, तिच्यामागे रेल्वे-बांधणी कोसळली आणि मंदी १८७९पर्यंत हटली नाही. लाखो माणसं कामाच्या शोधात रुळांच्या कडेने चालू लागली. ‘ट्रॅम्प’ हा शब्द तोवर लांबच्या पायपिटीसाठी होता. यादवी युद्धातले सैनिक तो त्याच अर्थाने वापरत. आता पायपीट करणारा माणूसच ट्रॅम्प झाला आणि अमेरिकेला ट्रॅम्पचं भय बसलं. १८७६ साली न्यू जर्सीने ट्रॅम्पविरोधी कायदा केला, पाठोपाठ अनेक राज्यांनी केला. १८७७ साली येल विद्यापीठाच्या विधिशाखेचे प्रमुख फ्रान्सिस वेलँड यांनी धर्मादाय संस्थांच्या परिषदेत निबंध वाचला. त्यात ट्रॅम्प म्हणजे आळशी, भित्रा, सुधारणेपलीकडचा रानटी माणूस, असं त्याचं वर्णन होतं. ही माणसं चार वर्षांपूर्वी पोलाद, लाकूड आणि रूळ हाताळत होती. चार वर्षांत एवढ्या माणसांचा स्वभाव कसा पालटला, हा प्रश्न त्या निबंधाला पडला नाही. बँक बुडवणाऱ्यांसाठी मात्र नवा शब्द कुणी घडवला नाही.

आता रुळांवरून फिरणाऱ्या माणसांकडेच वळू, कारण माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. त्यांची स्वतःची भाषा होती आणि ती कमालीची काटेकोर होती. त्यांच्या बोलीत हॉबो म्हणजे काम करत भटकणारा, ट्रॅम्प म्हणजे भटकणारा पण काम न करणारा, आणि बम म्हणजे ना काम करणारा ना भटकणारा. शिकागोच्या रस्त्यांवरच्या माणसांचे डॉक्टर बेन राइटमन यांच्या नावावरही अशीच एक विभागणी सांगितली जाते. १९२३ साली शिकागो विद्यापीठातर्फे ‘द हॉबो’ हा ग्रंथ निघाला. त्याचे लेखक नेल्स अँडरसन स्वतः तरुणपणी मालगाड्यांवरून कामाच्या मागे फिरलेले होते. शिकागोत बेघर पुरुष चांगल्या दिवसांत तीस हजार आणि मंदीत पंचाहत्तर हजार असतात, असा त्यांचा अंदाज होता. संख्येतली ही भरती-ओहोटी ध्यानात घ्या : आळस हंगामानुसार अडीचपट होत नाही, बेकारी होते. गव्हाची कापणी, जंगलतोड, बर्फ कापणं, रूळ टाकणं ही सगळी हंगामी कामं. त्यांना ठरावीक महिन्यांत हजारो हात लागत आणि नंतर एकही लागत नसे. हॉबो हा त्या अर्थव्यवस्थेचा कामगार होता, तिच्यातून गळालेला कचरा नव्हता. आणि कामाचा पत्ता सांगण्याबद्दल त्याच्याकडूनच पैसे उकळणाऱ्या दलालाला त्याच्या बोलीत शार्क म्हणत. ऐतखाऊ कोण, याविषयी त्याचं स्वतंत्र मत होतं.

पण या माणसांना आपल्यातले फुकटे दिसत नव्हते, असं मुळीच नाही. रेल्वे जंक्शनच्या जवळ, पाणी आणि झाडी पाहून त्यांचे तळ पडत. त्या तळाला ते जंगल म्हणत. आरशाचा तुकडा झाडाला टांगलेला, डबे-पातेली येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांची, आणि नियम कुठेही न लिहिलेले. अँडरसनने ते नोंदवले आहेत. सरपण गोळा न करता स्वयंपाकाला बसायचं नाही. जेवून झाल्यावर भांडी खरकटी टाकायची नाहीत. अन्न वाया घालवायचं नाही. पोलिसांची धाड पडण्याची भीती असेल तिथे रात्री जाळ करायचा नाही. झोपलेल्याला लुटणं हा तर अपराधच. आणि या यादीत आणखी एक गुन्हा आहे : तळावरच कायमचा मुक्काम ठोकून दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगणं. असं करणाऱ्याला ते जंगलातलं गिधाड, ‘जंगल बझर्ड’ म्हणत. म्हणजे समाज ज्यांना सरसकट फुकटे म्हणत होता, त्यांच्यातही फुकटेपणा हा नाव ठेवण्याजोगा गुन्हा होता. हे नाव कुणाला मिळायचं? ज्याने सरपण आणलं नाही त्याला. त्याचा बाप कुठला, कातडीचा रंग कोणता, खिशात किती पैसे, हा प्रश्न त्या नियमात नव्हता. नाव ठेवणारा त्याच जाळाशेजारी बसलेला होता, आणि ज्याला नाव ठेवलं तो उठून दोन काटक्या आणून ते पुसू शकत होता. हिणवणीचा एवढा रास्त वापर मला कायद्याच्या पुस्तकांत सापडत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कुणी म्हणेल : तुम्हीच कबूल करता की फुकटे असतात, मग समाजाने त्यांना लाज वाटेल असे शब्द का वापरू नयेत? कर भरणारा माणूसही त्या तळावरच्या माणसासारखाच आहे; त्याने सरपण आणलं आहे, म्हणून त्याला विचारण्याचा हक्क आहे. हक्क मला मान्य आहे. अडचण अंतराची आहे. तळावर दोष एका माणसाचा असतो आणि तो डोळ्यांनी पाहिलेला असतो. देश नावाच्या तळावर दोष ओळखायला खुणा लागतात, आणि खूण म्हणून गरिबी वापरली जाते, कारण आळस दिसत नाही, फाटका सदरा दिसतो. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले सव्वाशेहून अधिक शिपाई थेट राज्याच्या सीमांवर पाठवले, कफल्लक दिसणाऱ्यांना परत फिरवण्यासाठी. या मोहिमेला लोक ‘बम ब्लॉकेड’ म्हणत. अडवलेली बरीच माणसं दुष्काळ आणि मंदीमुळे कामाच्या शोधात निघालेली होती. हॉबोंच्या कोशात ती बम या व्याख्येत बसलीच नसती, कारण बम तर जागचा हलत नाही. पोलिसांच्या कोशात मात्र तेवढा बारकावा नव्हता. योगायोग असा की त्याच महिन्यात चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ प्रदर्शित झाला. तो बनला होता लॉस एंजेलिसमध्येच. पडद्यावरच्या ट्रॅम्पवर जीव टाकणारं शहर सीमेवरच्या ट्रॅम्पला परत पाठवत होतं. अमेरिकी संस्कृतीने भटक्याला प्रेमही दिलं, असं जे म्हणतात त्यांचं म्हणणं खरं आहे. त्या प्रेमाला तिकीट होतं एवढंच.

दुसरा आक्षेप असा की श्रीमंत रिकामा बसला तर तो स्वतःच्या पैशावर बसतो, त्याला ऐतखाऊ कसं म्हणायचं? त्यालाही शब्द आहेतच. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ लिहून रिकामपण हीच ज्यांची प्रतिष्ठा अशा वर्गाचं अख्खं शास्त्र मांडलं. कर्जरोख्यांची कूपनं कापून व्याजावर जगणाऱ्यांना कूपन-क्लिपर म्हणत. शब्द होते, पण कूपनं कापल्याबद्दल कुणाला तुरुंगात घातल्याचं ऐकिवात नाही. बरं, स्वतःचा पैसा किंवा देणाऱ्याची राजीखुशी हीच कसोटी असेल, तर तीही गरिबाला लागू झाली नाही. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाने टेक्सासमधल्या आपल्या बेकार मेहुण्याला गाडीत घालून घरी आणलं. मेहुणा त्याच्या घरी राहिला, जेवला. यजमानाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती राज्याची, कारण कफल्लक माणसाला राज्यात आणणं हा तिथे गुन्हा होता. खालच्या कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावून ती स्थगित ठेवली. २४ नोव्हेंबर १९४१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. शंभर वर्षांपूर्वी याच न्यायालयाने गरिबांच्या लोंढ्याला नैतिक रोगराई मानलं होतं; माणूस बेकार आणि निर्धन आहे एवढ्यावरून त्याला रोगराई म्हणता येणार नाही, असं न्यायमूर्ती बर्न्स यांनी आता स्पष्ट केलं.

तरीही शहरांच्या नियमावलीत जुने शब्द ठाण मांडून होते. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराच्या नियमात ‘सराईत लोफर’ हा गुन्हेगारांचा एक प्रकार होता. धडधाकट असून बायकोच्या किंवा अज्ञान मुलांच्या कमाईवर जगणारा हा आणखी एक प्रकार. १९७२च्या पापाक्रिस्तू खटल्यात या नियमाखाली पकडलेल्यांच्या हकिकती न्यायालयापुढे आल्या. त्यांतली एक जवळून पाहण्यासारखी आहे. थंडीचा दिवस. दोन कृष्णवर्णीय पुरुष एका मित्राची वाट पाहत उभे. तो गाडी देणार होता आणि त्या गाडीने ते भाजीपाल्याच्या एका कंपनीत नोकरीसाठी अर्ज करायला जाणार होते. एकाच्या अंगात जाकीट नव्हतं. ऊब मिळावी म्हणून ते कपडे धुण्याच्या दुकानात शिरले, तर बाहेर जा म्हणून सांगण्यात आलं. मग मित्र येतो का ते बघत दोन चौकांच्या अंतरात ते येरझारा घालू लागले. दुकानदारांना संशय आला, पोलीस आले, आरोप लागला भटकेपणाचा. नोकरी मागायला निघालेला माणूस भटक्या म्हणून धरला गेला! न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी २४ फेब्रुवारीच्या निकालात हा नियम घटनाबाह्य ठरवला. बायकोच्या पैशावर जगण्याच्या कलमात श्रीमंत सासऱ्याचे प्रतिष्ठित जावईही सापडतील, आणि दारूच्या ठिकाणी वेळ घालवण्याच्या कलमात गोल्फ क्लबांचे पुष्कळ सभासद, अशा आशयाची टिपणी त्यांनी केली. नियमाच्या शब्दांत ते बसत होते. पोलिसांच्या नजरेत बसत नव्हते.

तिसरा आक्षेप : हा सगळा जुना इतिहास झाला, आता त्याचं काय? शब्द बदलले, दिशा बदलली नाही. १९७६च्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका बाईचं उदाहरण देत : ऐंशी नावं, करमुक्त दीड लाख डॉलरची वर्षाची कमाई. ती बाई खरी होती, लबाडही होती. १९७७ साली तिला सरकारी मदतीतल्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आलं, पण खटल्यातली रक्कम आठ हजार डॉलरच्या आसपास होती. ‘वेलफेअर क्वीन’ हा शब्द मात्र तिच्यापाशी थांबला नाही. मुलांना एकटीने वाढवणाऱ्या प्रत्येक गरीब आईवर तो जाऊन बसला. १९९६च्या सुधारणा कायद्याने रोख मदतीवर केंद्रीय पैशापुरती आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा घातली. २८ जून २०२४ रोजी ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, उघड्यावर मुक्काम करणाऱ्या बेघरांना दंड करण्याची शहरांना मुभा दिली. आपणही हात झटकण्याचं कारण नाही. १९५९च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यात उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी हिंडतो, एवढंही भिकारी ठरायला पुरतं. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्याची मुख्य कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरवली.

मग आळशी आणि बेकार यांत फरक करायचा तरी कसा? याचं उत्तर शब्दांत नाही, व्यवहारात आहे : काम देऊन पाहा. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने तेच केलं आणि पुढे १९७७च्या रोजगार हमी कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला. भर उन्हात खडी फोडायला बायाबापड्यांची रीघ लागली. ज्यांना गावातले शहाणे ऐदी म्हणत, त्यांच्याविषयी याहून मोठी साक्ष कोणती हवी? अमेरिकेने १९३५ साली वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन काढून आठ वर्षांत सुमारे पंचाऐंशी लाख लोकांना काम दिलं. रस्ते, पूल, शाळा उभ्या राहिल्या. पण तिथे एक बोधप्रद गोष्ट घडली. काम नव्हतं तेव्हा जे बम होते, ते काम मिळाल्यावर फावड्याला टेकून उभे राहणारे कामचुकार ठरले. संस्थेच्या आद्याक्षरांचा ‘वी पोक अलाँग’, म्हणजे आम्ही रेंगाळतो, असा विस्तार विनोदाने केला जाई, आणि निरुपयोगी सरकारी कामासाठी ‘बूनडॉगल’ हा शब्द त्याच साली गाजला. यावरून दिसतं की हिणवणाऱ्याची तक्रार काम न करण्याबद्दल नव्हतीच; काम करूनही ती मिटली नाही. आपल्याकडे रोजगार हमीवर जी लोकांची कोटी रूढ झाली ती ‘अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही’ अशी. तिचा रोख मजुरावर नव्हता, मधल्यामध्ये हात मारणाऱ्यांवर होता. जवळून पाहणाऱ्याचं बोट नेमकं कुठे जातं, याचा हा मराठी दाखला.

तेव्हा हे शब्द टाकून द्या, असं मी म्हणत नाही. भाषा तशी कुणाचं ऐकतही नाही. फुकट्याला फुकट्या म्हणावंच, पण आरोप करणाऱ्याने तीन गोष्टी पुढे ठेवाव्यात : माणूस कोण, त्याने नेमकं काय बुडवलं, आणि त्याच्यापुढे कोणतं काम ठेवलं होतं जे त्याने नाकारलं. गरिबांना मिळणाऱ्या मदतीवर आज आपल्या राज्यात जो वाद चालतो, त्यालाही हीच कसोटी लावा. खोटी कागदपत्रं देणाऱ्याला जरूर पकडा. पण त्याच्या नावाने रांगेतल्या सगळ्यांना ऐतखाऊ म्हणणाऱ्याला आधी विचारा, की तुम्ही सरपण कधी आणलं होतं? आणि ज्यांच्याकडे कधीच काही मागायची वेळ येत नाही, त्यांचा हिशेबही त्याच वहीत लिहा. एवढं झालं तर शब्दकोश तोच राहील, फक्त त्यातले शब्द योग्य पत्त्यावर पोचू लागतील.